अमेरिकी अध्यक्षाचे दहशतवादविरोधी धोरण कसे तपासावे

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष दहशतवादाविरुद्ध भाषण करतो, तेव्हा आपल्याकडील चर्चा बहुधा त्याच्या सुरावर घसरते. तो कणखर होता की मवाळ, एवढेच पाहिले जाते. स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्याने, पत्रकाराने किंवा जिज्ञासू वाचकाने ते भाषण बाजूला ठेवून आधी कागद पाहावेत. कारवाईला कोणत्या कायद्याचा आधार आहे, कोणाचे नाव कोणत्या यादीत आहे आणि आधीच्या अध्यक्षाने कशावर सही करून ठेवली आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की त्या अध्यक्षाला खरोखर किती मोकळीक होती, हे बरेचसे स्पष्ट होते.

सुरुवात अधिकारापासून करावी. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर तीनच दिवसांत अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तेथील संसदेने, लष्करी बळाच्या वापराला अनुमती देणारा ठराव मंजूर केला आणि १८ सप्टेंबरला जॉर्ज बुश यांनी त्यावर सही केली. सिनेटमध्ये विरोधात एकही मत पडले नाही, तर प्रतिनिधिगृहात ४२० विरुद्ध १ असे मतदान झाले. ते एकमेव विरोधी मत कॅलिफोर्नियाच्या बार्बरा ली यांचे होते. या ठरावात अल कायदाचे नाव नाही, भूगोलाची सीमा नाही आणि मुदतही नाही. हल्ल्याची योजना आखणाऱ्या, तो घडवून आणणाऱ्या, त्याला साहाय्य करणाऱ्या किंवा अशांना आश्रय देणाऱ्या राष्ट्रांविरुद्ध, संघटनांविरुद्ध व व्यक्तींविरुद्ध बळ वापरता येईल, आणि अशी राष्ट्रे वा संघटना कोणत्या हे अध्यक्षच ठरवील, इतकाच त्याचा आशय आहे. अफगाणिस्तानात प्रथम वापरलेला हा ठराव पुढे येमेन आणि सोमालियातही चालला. २०१४ मध्ये बराक ओबामा यांच्या प्रशासनाने इस्लामिक स्टेटविरुद्धही त्याचाच आधार घेतला, आणि तोही त्या संघटनेशी अल कायदाने जाहीरपणे संबंध तोडून काही महिने उलटल्यावर.

म्हणून हल्ल्याची बातमी वाचताना मारला गेलेला माणूस कोण होता याबरोबरच तो कोणत्या कलमाखाली मारला गेला, हेही विचारावे. जानेवारी २०२० मध्ये बगदाद विमानतळाजवळ इराणचे सेनाधिकारी कासीम सुलेमानी यांना ठार करण्यात आले. ते एका राष्ट्राचे अधिकारी होते. तेव्हा ट्रम्प प्रशासनाने राज्यघटनेच्या दुसऱ्या अनुच्छेदातील सेनापतिपदाच्या अधिकाराला २००२ च्या इराकविषयक ठरावाची जोड दिली, म्हणजे सद्दाम हुसेनच्या राजवटीविरुद्ध केलेला ठराव सद्दामला फाशी होऊन तेरा वर्षे झाल्यावर उपयोगात आणला. असा ताणलेला आधार दिसला की वाचकाने तेथे थांबावे, कारण पुढचा अध्यक्ष तोच आधार आणखी ताणण्याची शक्यता असते.

यानंतर मुदत पाहावी. रिचर्ड निक्सन यांचा नकाराधिकार डावलून १९७३ मध्ये संमत झालेल्या युद्धाधिकारविषयक कायद्यानुसार अध्यक्षाने सैन्य संघर्षात उतरवल्यास ४८ तासांत काँग्रेसला कळवायचे असते, आणि काँग्रेसची अनुमती न मिळाल्यास ६० दिवसांत, माघारीसाठी फार तर आणखी ३० दिवस घेऊन, सैन्य मागे घ्यायचे असते. २०११ मध्ये लिबियात ही मुदत उलटली, तेव्हा तेथे चालले आहे ते कायद्याला अभिप्रेत असलेला संघर्षच नव्हे, असा युक्तिवाद ओबामा प्रशासनाने केला. २०२५ मध्ये अमली पदार्थ वाहून नेत असल्याचा आरोप असलेल्या कॅरिबियन समुद्रातील बोटींवरील हल्ल्यांच्या वेळी ट्रम्प प्रशासनाने जवळपास तोच मार्ग धरला. पक्ष बदलला तरी पळवाट बदलत नाही.

सर्वांत अधिक वेळ याद्यांना द्यावा, कारण तेथेच सर्वाधिक गोंधळ होतो. परराष्ट्र खात्याच्या दोन याद्या वेगळ्या ठेवाव्यात. पहिली विदेशी दहशतवादी संघटनांची आहे. तीत नाव आले की अमेरिकी वित्तसंस्थांतील त्या संघटनेचा पैसा गोठवला जातो, तिला जाणीवपूर्वक साहाय्य करणे गुन्हा ठरतो आणि तिच्या सदस्यांना देशात प्रवेश नाकारता येतो. मात्र केवळ नाव आल्याने बॉम्ब टाकण्याचा अधिकार मिळत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये लॅटिन अमेरिकेतील अमली पदार्थांच्या टोळ्या या यादीत घालण्यात आल्या आणि सप्टेंबरमध्ये बोटींवर हल्ले सुरू झाले. या दोन गोष्टी बातम्यांत एकच वाटल्या, तरी कायद्याने त्या स्वतंत्र आहेत.

दुसरी यादी दहशतवादाला पाठबळ देणाऱ्या राष्ट्रांची आहे आणि तिच्यात राजकारण अधिक उघडपणे दिसते. क्युबाला ओबामा यांच्या काळात २०१५ मध्ये वगळले गेले आणि ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीच्या अखेरीस, जानेवारी २०२१ मध्ये, पुन्हा घालण्यात आले. जानेवारी २०२५ मध्ये जो बायडेन यांनी वगळण्याचा निर्णय जाहीर केला आणि सहाच दिवसांनी ट्रम्प यांनी तो फिरवला. या सहा दिवसांत क्युबाचे वर्तन बदलले नव्हते. याउलट पाकिस्तान या यादीत कधीच आला नाही. लष्कर-ए-तैयबाचे नाव डिसेंबर २००१ मध्येच संघटनांच्या यादीत आले होते, तरी २००४ मध्ये पाकिस्तानला नाटोबाहेरील प्रमुख मित्रराष्ट्राचा दर्जा मिळाला, आणि २०११ मध्ये ओसामा बिन लादेन अबोटाबादमध्ये सापडल्यावरही तो काढला गेला नाही. अफगाणिस्तानातील सैन्याची रसद कराची बंदरातून जात होती, हे ध्यानात घेतले तर त्यात नवल वाटत नाही. म्हणून जुलै २०२५ मध्ये लष्कर-ए-तैयबाचीच आघाडी मानल्या जाणाऱ्या ‘द रेझिस्टन्स फ्रंट’ला संघटनांच्या यादीत घातले गेले, तेव्हा ते स्वागतार्ह असले तरी त्यावरून इस्लामाबादविषयीचे धोरण बदलले, असा निष्कर्ष काढू नये.

वारशाचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे, पण तो विसरला जातो. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडले, तेव्हा सारा दोष बायडेन यांच्यावर आला. माघारीच्या अंमलबजावणीतील चुका त्यांच्याच होत्या. परंतु चौदा महिन्यांत सैन्य काढून घेण्याचे वचन ट्रम्प प्रशासनाने २९ फेब्रुवारी २०२० रोजी दोहा येथे तालिबानला दिले होते आणि त्या वाटाघाटींत अफगाण सरकार सहभागी नव्हते. त्याच्या उलट बाजूचे उदाहरण ग्वांतानामोचे, म्हणजे क्युबातील अमेरिकी नाविक तळावर दहशतवादाच्या संशयितांसाठी उघडलेल्या तुरुंगाचे आहे. ओबामा यांनी पदग्रहणानंतर दोनच दिवसांनी तो तुरुंग वर्षभरात बंद करण्याचा आदेश काढला, पण कैद्यांना अमेरिकेत हलवण्यासाठी निधी वापरण्यास काँग्रेसने मनाई केली आणि तुरुंग चालूच राहिला.

पहिल्या दिवसाच्या सरकारी निवेदनावर मत बनवू नये. २९ ऑगस्ट २०२१ रोजी काबूलमध्ये झालेल्या ड्रोन हल्ल्यात दहशतवादी मारला गेल्याचे पेंटागॉनने सांगितले होते. तीन आठवड्यांच्या आत, सात मुलांसह दहा निरपराध नागरिक मारले गेल्याचे त्यालाच मान्य करावे लागले.

हीच पद्धत २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्याच्या खटल्यांना लावून पाहावी. त्या हल्ल्यातील आरोपी तहव्वूर राणाचे अमेरिकेतून भारताकडे प्रत्यार्पण एप्रिल २०२५ मध्ये झाले. फेब्रुवारीत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या शेजारी उभे राहून ट्रम्प यांनी त्याची घोषणा केली होती, पण त्याआधी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारीत राणाची याचिका फेटाळली होती. हल्ल्यासाठी मुंबईची टेहळणी करणारा डेव्हिड हेडली मात्र भारताच्या स्वाधीन झालेला नाही. त्याने मार्च २०१० मध्ये शिकागोच्या न्यायालयात सरकारी पक्षाशी करार करून गुन्हा कबूल केला, तेव्हा त्या कराराच्या अटींत त्याला भारताच्या स्वाधीन न करण्याची अट होती, आणि २०१३ मध्ये त्याला ३५ वर्षांची शिक्षा झाली. एखाद्या नेत्याने हेडलीला आणण्याचे आश्वासन दिले, तर त्या कराराचे काय करणार, हे त्याला प्रथम विचारावे.