सायकल सहलीचं सामान: पाठीवरून उतरवा, चाकांवर चढवा

अलिबागहून किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्याकडे निघायचं ठरवलं की पहिला मोह होतो तो घरातली सॅक पाठीवर टाकण्याचा. तो टाळा. दमट हवेत पाठ भिजते, खांद्यांबरोबर बैठकही दुखते आणि वजन उंचावर गेल्याने चढावर सायकल डोलते.

१. आधी सामान, मग बॅग. सगळं जमिनीवर मांडा. वजन करा. मुक्काम घरगुती खोल्यांमध्ये असेल तर कपडे, दोन ट्यूब, पंक्चरचं सामान, पंप, औषधं, चार्जर असं सगळं सात-आठ किलोंत बसायला हवं. तंबू आणि स्टोव्ह घेतलात की आकडा सहज दुप्पट होतो. मोठी बॅग आधी घेतली तर ती भरतेच, हे लक्षात ठेवा.

२. सायकल तपासा. मागच्या एक्सलजवळ (चाकाच्या मधल्या दांड्याजवळ) आणि सीटखालच्या नळ्यांवर आट्यांची भोकं आहेत का? असतील तर कॅरिअर आणि दोन बाजूंना दोन पॅनिअर (कॅरिअरला लटकवायच्या बॅगा), याला तोड नाही. डिस्क ब्रेक असेल तर त्याला न अडणारं कॅरिअर मागा. किती वजन चालेल ते बहुधा कॅरिअरवरच छापलेलं असतं. भोकं नसतील तर सीटमागची लांब बॅग, फ्रेमच्या त्रिकोणातली आणि हँडलवरची अशा तीन बॅगांत कमी सामान छान मावतं. ट्रेलर सपाट, लांब रस्त्यांवर ठीक. कोकणातल्या चढउतारांवर मी तरी नेणार नाही.

३. कॅरिअरच्या बोल्टना स्प्रिंग वॉशर लावा. खडबडीत रस्त्यावर ते सैल होतातच. रोज संध्याकाळी ॲलन कीने (षटकोनी चावीने) घट्ट करा, दोन जादा बोल्टही जवळ असू द्या.

४. आता भरणं. दूधवाल्याच्या किटल्यांसारखं वजन दोन्ही बाजूंना सारखं आणि जमेल तितकं खाली हवं. जड वस्तू तळाशी, रेनकोट आणि खाऊ वर. सगळंच मागे लादलं तर तीव्र चढावर पुढचं चाक हलकं पडतं, म्हणून थोडं हँडलवर द्या. पॅडल फिरवून टाच बॅगेला लागत नाही ना, ते बघा; लागली तर बॅग मागे सरकवा. कपडे जाड प्लास्टिकच्या पिशवीत. वरून काही बांधायचं तर हुकवाल्या रबरी दोरीपेक्षा जुन्या ट्यूबच्या पट्ट्या बऱ्या, कारण सुटलेला हुक आऱ्यांत अडकला तर चाक जागीच थांबतं. पट्ट्या पंक्चरवाला बहुतेकदा फुकटच देतो.

५. पूर्ण सामानासह तीस-चाळीस किलोमीटर फिरून या. वाटेत एक चढ आणि थोडा खराब रस्ता असू द्या. ब्रेक नेहमीपेक्षा आधी दाबावा लागेल. मागच्या टायरमध्ये हवा थोडी जास्त भरा, पण टायरवर लिहिलेल्या मर्यादेतच. मागच्या चाकाचे आरे निघण्याआधी मेकॅनिककडून तपासून घ्या.

दाभोळ-धोपावे किंवा तवसाळ-जयगड फेरीबोटीत लादलेली सायकल स्टँडवर सोडू नका. कठड्याला टेकवा आणि ट्यूबच्या एका पट्टीने ब्रेकचा लिव्हर हँडलला आवळून ठेवा.