ब्रेड-टॉर्टियाऐवजी हलके रॅप करताय? या चुका टाळा

रॅप म्हणजे सारण भरून केलेली गुंडाळी. तिच्यासाठी वापरतात त्या मैद्याच्या एका मोठ्या टॉर्टियात (पातळ मेक्सिकन पोळीत) साधारण २०० कॅलरी असतात. कोबीच्या मोठ्या पानात जेमतेम १०. हा फरक पाहून लोक उत्साहाने पानांकडे वळतात आणि थोड्याच दिवसांत परत फिरतात, कारण पान फाटतं, पाणी गळतं, तासाभरात भूक लागते. दोष बहुतेक वेळा पानाचा नसतो. आवरण बदलतं, पण सारण जुनंच राहतं, आणि तिथेच सगळं बिघडतं.

ओलं सारण

टॉर्टिया सारणातला ओलावा शोषून घेतो, पान थेंबभरही शोषत नाही. म्हणून टॉर्टियात खपून जाणारं सारण लेट्यूसमध्ये (सॅलडच्या पानात) भरलं की हातावर ओघळतं. टोमॅटोचा बियांचा गर काढून टाका. काकडीला मीठ अगदी खाताना लावा, कारण मीठ लागताच तिला पाणी सुटतं. परतलेलं सारण कढईतच कोरडं होऊ द्या आणि निवल्यावर भरा; गरम सारणाने लेट्यूस लगेच मलूल होतं. धुतलेली पानंही स्वच्छ कापडाने टिपून घ्या. हे शेवटचं काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळलं तर बाकीची मेहनत वाया जाते.

सॉस पानात ओतू नका, वाटीत बाजूला घ्या. टेबलस्पूनभर मेयोनीजमध्ये सुमारे ९० कॅलरी असतात. असे दोन टेबलस्पून मेयोनीज आणि वर थोडं किसलेलं चीज घातलं, की टॉर्टिया सोडून वाचवलेलं सगळं परत आलंच. घट्ट दह्यात लिंबू, मिरपूड आणि थोडी मोहरीची पेस्ट घालून पाहा. मला ते मेयोनीजपेक्षा जास्त आवडतं.

चुकीचं पान, चुकीची घडी

आइसबर्ग लेट्यूस कुरकुरीत असतं, त्यामुळे दुमडताना तडकतं. त्याची गुंडाळी करू नका, वाटीसारखं वापरा. गुंडाळायला मऊ पानांचं लेट्यूस घ्या आणि दोन पानं एकमेकांवर थोडी चढवून ठेवा.

घट्ट गुंडाळीसाठी माझी पहिली पसंती कोबीला. मात्र कच्चं पान ओढून काढायला गेलात तर ते फाटणारच. मधला दांडा कोरून काढा आणि अख्खा गड्डा उकळत्या पाण्यात सोडा. बाहेरची पानं आपोआप सुटत जातात. प्रत्येक पान मिनिटभर पाण्यात राहू द्या, मग बर्फाच्या पाण्यात टाका म्हणजे ते आणखी शिजत नाही. मागची जाड शीर सुरीने आडवी तासून पानाच्या जाडीला आणा. पान तुटतं ते याच शिरेमुळे.

राइस पेपर (तांदळाचा पातळ, कोरडा पापुद्रा) अगदी लिबलिबीत होईपर्यंत भिजवू नका. कोमट पाण्यातून काही सेकंद फिरवा आणि किंचित कडक असतानाच ओल्या ताटावर पसरा. सारण भरेपर्यंत तो मऊ होतो. अंड्याचा पातळ रॅप फाटत असेल तर चमचाभर पाण्यात थोडं कॉर्नफ्लोअर कालवून अंड्यात फेटा, आच मंद ठेवा आणि निवल्यावरच गुंडाळा. फ्लॉवरच्या किसाचा रॅप करत असाल तर किस घट्ट पिळून घ्या, नाहीतर रॅप उलटताना मोडतो.

नावावर जाऊ नका

पालकाचा हिरवा टॉर्टिया बहुधा मैद्याचाच असतो, पालक रंगापुरता. बदामाच्या पिठाचा रॅपही हलका नसतो: त्या पिठात १०० ग्रॅमला ५५० ते ६०० कॅलरी असतात, मैद्यात सुमारे ३६०. ज्यांना ग्लुटेन (गव्हातलं प्रथिन) चालत नाही त्यांना ते उपयोगी आहे, पण कॅलरी कमी करायला नाही. मसूर डाळीच्या रॅपचंही तसंच. ५० ग्रॅम कोरडी डाळ म्हणजे साधारण १७५ कॅलरी. प्रथिनं आणि तंतू भरपूर मिळतात, म्हणून तो जरूर खावा. फक्त त्याला कमी कॅलरीचा समजू नये. तयार रॅपच्या पाकिटावरचा आकडा एका रॅपचा आहे की १०० ग्रॅमचा, तेही तपासा.

आता भुकेचं. पानात नुसत्या भाज्या भरल्या तर पोट भरणार नाही. अंडी, चिकन, टोफू, उकडलेले चणे यांपैकी काहीतरी प्रत्येक रॅपमध्ये हवंच. टॉर्टिया सोडल्यामुळे त्यासाठी जागाही मिळालेली असते.

डब्यात न्यायचे असतील तर पानं आणि सारण वेगळं न्या आणि खाताना भरा. राइस पेपरचे रोल फ्रिजमध्ये कडक होतात, ते त्याच दिवशी संपवा.