44 नंबरच्या रोडनं कन्याकुमारी, निघायच्या आधीची तयारी

यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्यावरून 44 नंबरचा नॅशनल हायवे पकडला की नंबर न बदलता थेट कन्याकुमारी, साधारण 1600 किलोमीटर, अन् तरी आपल्या इकडचे बहुतेक लोक हैदराबाद पाहून परत फिरतात. म्हणून ज्यांचं घरच्यांना घेऊन स्वतःच्या गाडीनं जायचं चाललंय त्यांच्यासाठी सगळी तयारी एका जागी लिहून देतो.

सगळ्यात पहिले तारीख. कापसाची वेचणी अन् तुरीची सवंगणी आटोपली, हातात पैसे आले, की जानेवारीचा शेवट नाहीतर फेब्रुवारी. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडे तमिळनाडूत पावसाळा असते, मग जानेवारीच्या मधापर्यंत शबरीमलाचे भक्त अन् पोंगलची गर्दी, कन्याकुमारीत रूम भेटणं कठीण होते. पण आपला हरभरा-गहू त्याच टाईमाला उभा असते अन् रात्री रानडुकरं घुसतात, म्हणून यादीत पहिले लिहायचं ते जागलीला कोण जाईल. चुलतभावाला आधीच बोलून ठेवा, मोटरच्या लाईनचा टाईम सांगा, कोणत्या भागाचं ओलित राहिलं ते वावरात नेऊन दाखवा, गाय कोण दोहील तेही ठरवा. मागचं घोर नसलं तरच माणूस रोडवर सुखानं राहते.

गाडीत माझा सगळा जोर टायरवर आहे. गावातली गाडी फिरते कमी अन् उन्हात उभी जास्त, त्यामुळे वरून टायर नवा दिसते पण बाजूच्या रबराला बारीक चिरा गेलेल्या असतात. टायरच्या बाजूवर डीओटी लिहिलेलं असते, त्याच्या शेवटचे चार आकडे पाहा, 2321 असलं म्हणजे 2021 च्या 23 व्या आठवड्यात बनलेला. पाच-सहा वर्षं होऊन गेली असतील अन् चिरा दिसत असतील तर बाप्पा, बदलूनच टाका, स्टेपनी पण. हवा सकाळी टायर थंड असताना चेक करायची, चालून गरम झाल्यावर प्रेशर जास्त दिसते म्हणून हवा सोडू नका. बाकी ऑईल, कूलंट, ब्रेक, बॅटरी, वायपर हे मिस्त्री पाहून देईल, पण आठ दिवस आधी दाखवा म्हणजे काम निघालं तर टाईम राहते. जॅक अन् पाना स्वतः लावून पाहा.

कागदात आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, लायसन, डिजिलॉकरमध्ये पण अन् झेरॉक्स पण. पांढऱ्या पाटीच्या घरच्या गाडीला परमिट लागत नाही, पिवळ्या पाटीची भाड्यानं केली तर प्रत्येक राज्याच्या परमिट-टॅक्सचं मालकाला आधीच विचारून घ्या. फास्टॅगचा वार्षिक पास 15 ऑगस्ट 2025 ला 3000 रुपयात सुरू झाला, 200 ट्रिप किंवा एक वर्ष, घरच्या कार-जीपसाठी. एवढ्या टोलनाक्यांत तो परवडते, फक्त हैदराबादच्या आऊटर रिंग रोडसारख्या राज्याच्या रोडवर चालत नाही, म्हणून टॅगमध्ये बॅलन्स पण ठेवा.

आता थांबे. किलोमीटर मोजून मुक्काम ठरवू नका, पाहायचं काय ते आधी ठरवा अन् मग त्याच्या आजूबाजूला मुक्काम बसवा, नाहीतर पाच दिवस नुसता डांबर पाहून याल. पैनगंगा ओलांडली की तेलंगणा, पहिला थांबा निर्मल, तिथं पोनिकी नावाच्या हलक्या लाकडाची खेळणी बनतात, पोट्ट्यांना तिथूनच घेऊन द्या. दुसऱ्या दिवशी कर्नूलच्या थोडं आधी आत वळून आलमपूर, तुंगभद्रेच्या काठावर सातव्या शतकातली चालुक्यांची देवळं, नाव नवब्रह्म पण सगळी महादेवाची. तिथंच कुडवेल्लीचं संगमेश्वराचं देऊळ आहे, श्रीशैलम धरणाच्या पाण्यात जाणार होतं म्हणून एक-एक दगड सोडवून इथं आणून परत उभं केलं, आपल्याकडे धरणात गाव गेलेल्या माणसानं तर ते पाहावंच. तिसऱ्या दिवशी लेपाक्षी, हायवेपासून साधारण 15 किलोमीटर आत. एकाच दगडाचा भला मोठा नंदी, अन् देवळात एक खांब असा की त्याच्या खालून लोक दुपट्टा इकडून तिकडे काढतात. तिथं घाई करू नका, मान वर करून छताची विजयनगरच्या काळातली चित्रं पाहा, रंग अजून दिसतात. बंगळुरूत सकाळच्या ऑफिस टाईमाला शिरू नका.

धर्मपुरी सोडल्यावर सेलमच्या आधी तोप्पूरचा घाट लागते, उतार लांब आहे, अपघातासाठी बदनाम आहे, तिथं खालच्या गिअरमध्ये उतरा, नुसता ब्रेक दाबून ठेवू नका. पुढं नामक्कल, उघड्या आभाळाखाली 18 फुटांचा हनुमान. आपल्या गावात टीएन पासिंगच्या बोअरच्या गाड्या येतात ना, त्यातल्या कितीतरी याच जिल्ह्यातल्या तिरुचेंगोडच्या. मदुराईला पोचायचं ते संध्याकाळी, दुपारी मीनाक्षीचं देऊळ बंद असते, आत मोबाईल चालत नाही, अन् पोट्ट्यांची हाफपँट पण नाही, तर फुलपँट वरच्याच पिशवीत ठेवा.

खायचं पहिल्या दोन दिवसांचं घरून न्या, दशम्या, तिखट पुऱ्या, जवसाची चटणी. तिकडचा भात चांगलाच असते पण आपल्या म्हाताऱ्यांना पोळीबिगर पोट भरल्यासारखं वाटत नाही. आबाजी-आजीच्या गोळ्या दुप्पट घ्या अन् दोन वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा, डॉक्टरच्या चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये. नकाशा अन् तेलुगू-तमिळ भाषांतर ऑफलाईन डाऊनलोड करा, हैदराबादच्या पुढं हिंदी कमी-कमी चालते. हायवेवर गाडी बंद पडली तर 1033, बाकी कशालाही 112. अन् अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही हे निघायच्या आधी सगळ्यांसमोर ठरवून घ्या, कडेला लाईट न लावता उभे असलेले ट्रक दिसत नाहीत.

कन्याकुमारीला दोन रात्री धरा, शनिवार-रविवार सोडून. समुद्र खवळला की विवेकानंद शिळेची बोट बंद होते, एकच दिवस हातात असला तर काठावरून पाहून परत यावं लागते. शिळेवरचं विवेकानंदांचं स्मारक 1970 मध्ये उभं झालं, अन् ज्यांनी देशभर फिरून त्यासाठी लोकांकडून एक-एक रुपया गोळा केला ते एकनाथ रानडे आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या टिमटाळ्याचे, पोट्ट्यांना हे गाडीतच सांगून ठेवा. शिळेवरून जुने तमिळ कवी तिरुवल्लुवर यांच्या 133 फुटी पुतळ्यापर्यंत आता काचेचा पूल झालाय, ज्याला उंचीची भीती त्यानं पाय टाकायच्या आधी बाजूचा कठडा धरावा, अन् बोटीच्या लाईनीत सकाळी लवकर लागा.