एफवायला जाण्याआधी: बुजऱ्या मुलांसाठी तयारीची यादी

बारावीच्या निकालानंतरचे आठवडे ॲडमिशनची धावपळ आणि नवी बॅग यांत संपतात. तेवढ्यात तोंड उघडायची सवयही लावून घ्या. सुरुवात खिडकीपासून करा. बँकेत, पोस्टात, कॉलेजच्या ऑफिसात यापुढे आईबाबांना पुढे करायचं नाही. "सर, हा फॉर्म कुठे द्यायचा?" हे आपणच विचारायचं आणि समोरचा खेकसला तरी उत्तर घेतल्याशिवाय हलायचं नाही. व्यक्तिमत्त्व विकासाच्या महागड्या शिबिरांपेक्षा माझा यावर जास्त विश्वास आहे.

मग ओळख. नाव, राहायला कुठे, आवड काय, एवढं घरात दोनदा मोठ्याने बोलून बघा. त्यापुढे मुंबईत सगळ्यात कामाचा प्रश्न म्हणजे "तू कुठून येतेस?" समोरची "डोंबिवली" म्हणाली की गाडी सुरूच: स्लो पकडतेस की फास्ट, संध्याकाळी दादरला चढता येतं का? रुईयासारख्या कॉलेजात तर मध्य रेल्वेवाले माटुंग्याला उतरतात आणि पश्चिम रेल्वेवाले माटुंगा रोडला, त्यामुळे स्टेशनच्या वाटेवरच ग्रुप पडतात. पासाच्या सवलतीचा फॉर्म कॉलेजातून घ्यावा लागतो. त्या रांगेत मोबाइल खिशात ठेवा. पुढेमागे आपल्याच लाइनचं कोणीतरी निघतं, आणि परतीला सोबत मिळाली की निम्मं टेन्शन गेलं.

इंग्रजीचा बाऊ नको. मराठी माध्यमातून आला असाल तर "सर, प्लीज रिपीट" एवढं न अडखळता म्हणायची तयारी ठेवा. कॅन्टीनमध्ये आपली मुंबईची हिंदी चालते.

ज्यांना गप्पा जमतच नाहीत, त्यांनी सरळ काम धरावं. एनएसएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेत, वर्षाला 120 तासांचं काम असतं, शिवाय सात दिवसांचं निवासी शिबिर. हातात झाडू किंवा रंगाचा डबा असला की विषय शोधावा लागत नाही. एकांकिकेच्या बॅकस्टेजचंही तेच. फक्त तालमी लांबतात, तेव्हा घरी आधीच सांगून ठेवा.

राहिला नकार. वाढदिवसांची काँट्री, म्हणजे सगळ्यांनी पैसे काढणं, लवकरच सुरू होते. "मला एवढे नाही जमणार" हे भावंडासमोर म्हणून बघा, चेहरा न पाडता. आणि कॅफेऐवजी कॅन्टीनचा समोसा आपणच सुचवा.