डोळ्यांनी पाहिलेल्याच्या हकिकती कशा वाचायच्या

कुणीतरी स्वतः तिथे हजर होता म्हटलं की आपण लगेच विश्वास टाकून मोकळे होतो. पण हजर म्हणजे नक्की कुठे उभा होता हो? हे आधी बघायचं. सराव करायचा तर धाकटा प्लिनी या रोमन लेखकाची दोन पत्रं घ्या, इ. स. ७९ मधल्या इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकावरची, छोटी आहेत आणि इंग्रजी भाषांतर नेटवर फुकट मिळतं.

प्रिंट काढा आणि दोन रंगांचे पेन घ्या. लेखकाने स्वतः पाहिलं ते निळं, दुसऱ्याकडून कळलं ते लाल. पहिल्या पत्रात त्याचा मामा, म्हणजे थोरला प्लिनी, आरमाराचा प्रमुख, जहाजं घेऊन लोकांना वाचवायला जातो आणि स्टॅबिए इथे मरतो. तिथे रात्री मामा इतका गाढ झोपला की दाराबाहेरच्यांना घोरणं ऐकू येत होतं असं भाचा लिहितो, आणि भाचा कुठे होता? खाडीपलीकडे मिसेनमला, आईजवळ, अभ्यास करत! म्हणजे घोरणं लाल. डोंगरावरचा पाइनच्या झाडासारखा वर जाऊन पसरलेला ढग मात्र निळा, कारण तो मिसेनमहून दिसत होता. गंमत म्हणजे काही मी पाहिलं आणि काही लगेच ऐकलं हे प्लिनी स्वतःच कबूल करतो, आपणच ते वाक्य वाचत नाही.

दुसरं पत्र बहुतेक निळंच निघेल. सपाट जमिनीवर उभ्या गाड्या मागेपुढे सरकतायत, समुद्र मागे हटून मासेबिसे वाळूवर पडलेत, बंद खोलीतला दिवा मालवावा तसा अंधार, बायकापोरांचा आक्रोश, आणि अंगावर साचणारी राख सारखी झटकावी लागतेय. असे बारीकसारीक तपशील लिहिणारा तिथे होता याची चांगली खूण, पण एकदम पुरावा समजू नका.

मग समासात दोन प्रश्न लिहा, कधी लिहिलं आणि कुणासाठी. प्लिनी तेव्हा १७ वर्षांचा होता आणि पत्रं पंचवीसेक वर्षांनी लिहिली, तीही टॅसिटस या इतिहासकाराने मामाच्या मृत्यूबद्दल विचारलं म्हणून, मग मामा शूर आणि शांत दिसणारच ना. आपल्याकडच्या वरसईच्या गोडसे भटजींचंही तेच बघा, १८५८ मध्ये झाशीच्या वेढ्यात ते स्वतः अडकले होते, पण 'माझा प्रवास' लिहिलं पंचवीसेक वर्षांनी आणि छापून आलं १९०७ मध्ये, तेही चिं. वि. वैद्यांचा हात फिरून. त्यामुळे कुठली आवृत्ती हातात आहे ते आधी बघा, मूळ हस्तलिखितावरची वेगळी छापलेली आहे.

तारखांवर तर फारच कमी भरवसा ठेवा. प्लिनीच्या पत्रातली २४ ऑगस्ट ही तारीख हाताने केलेल्या नकलांतून आलीय, आणि २०१८ मध्ये पॉम्पेईत, म्हणजे त्याच उद्रेकात गाडल्या गेलेल्या शहरात, कोळशाने लिहिलेली १७ ऑक्टोबरची नोंद सापडली, वर्ष नाहीये त्यावर, पण कोळशाचं लिखाण फार दिवस टिकत नाही म्हणून उद्रेक ऑक्टोबरमध्येच झाला असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. नक्कल करणाऱ्याचा हात चुकला तर त्यात प्लिनीचा काय दोष, म्हणून तेवढ्यासाठी अख्खं पत्र फेकू नका.

आणि साक्षी एकमेकांच्या विरुद्ध निघाल्या तर मोठ्या हुद्द्याचा माणूस म्हणतो ते खरं, असं अजिबात करू नका. १९१२ मध्ये टायटॅनिकचे वाचलेले सर्वात वरिष्ठ अधिकारी लाइटोलर म्हणाले जहाज अखंड बुडालं, जॅक थेयर नावाच्या १७ वर्षांच्या पोरासकट अनेक प्रवासी म्हणत होते दोन तुकडे झाले, आणि ब्रिटिश चौकशीच्या अहवालाने तुकडे झाले नाहीत असंच धरलं. १९८५ मध्ये समुद्राच्या तळाशी जहाज सापडलं, दोन तुकड्यांत! अशा वेळी दोन्ही साक्षी वहीत शेजारी-शेजारी लिहून ठेवा, प्रत्येकापुढे तो कुठे होता आणि त्याला तिथून काय दिसू शकत होतं ते लिहा, आणि निकालाची जागा रिकामी ठेवली तरी चालतं.