हार्नेसची मुदत कशी तपासावी: हौशी ट्रॅक चालकांसाठी मार्गदर्शन

ट्रॅकवर गाडी चालवणारे अनेक हौशी चालक टायर आणि ब्रेक पॅड यांच्याकडे बारकाईने लक्ष देतात, पण ज्या पट्ट्यांवर त्यांचा जीव अवलंबून असतो त्यांच्याकडे मात्र स्क्रुटिनीच्या, म्हणजे कार्यक्रमापूर्वी होणाऱ्या गाडीच्या सुरक्षा तपासणीच्या, आदल्या दिवशीच पाहतात. हार्नेस म्हणजे चालकाचे खांदे आणि कंबर सीटशी घट्ट बांधणाऱ्या पट्ट्यांचा संच. त्याचा पट्टा नायलॉन किंवा पॉलिस्टरच्या धाग्यांनी विणलेला असतो. ऊन, घाम, धूळ आणि सततचे घर्षण यांमुळे हे धागे कमकुवत होत जातात आणि ही झीज बाहेरून पुरेशी दिसत नाही. पट्ट्यात किती बळ उरले आहे हे तो न तोडता मोजता येत नसल्यामुळेच त्याला मुदत घातलेली असते. ती कशी वाचावी, आणि मुदत शिल्लक असूनही हार्नेस केव्हा बदलावा, हे पुढे क्रमाने दिले आहे.

लेबल शोधावे. बकल उघडून सर्व पट्टे गाडीबाहेर, उजेडात पसरावेत. प्रमाणित हार्नेसच्या पट्ट्यांवर शिवलेली लेबले असतात. त्यांपैकी एकच वाचून थांबू नये, कारण जुन्या गाडीत खांद्याचे पट्टे एका संचातले आणि कमरेचे दुसऱ्या संचातले असे आढळू शकते. एफआयए या मोटर स्पर्धांच्या जागतिक नियामक संस्थेच्या नियमांनुसार वेगवेगळ्या संचांचे भाग एकत्र वापरण्यास मनाई आहे. लेबल फाटलेले किंवा तारीख पुसली गेलेली असेल, तर पट्टा कितीही चांगला दिसत असला तरी तपासनिसाच्या दृष्टीने त्याला मुदतच उरत नाही.

तारीख कोणत्या पद्धतीची आहे ते ओळखावे. सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. एफआयएच्या 8853/98 या प्रमाणाच्या लेबलवर ‘नॉट व्हॅलिड आफ्टर’ या शब्दांपुढे वर्ष छापलेले असते, आणि त्या वर्षाच्या 31 डिसेंबरपर्यंत हार्नेस वैध असतो. हे वर्ष उत्पादनवर्षानंतरचे पाचवे असते, म्हणजे 2022 मध्ये तयार झालेल्या हार्नेसवर 2027 असे लिहिलेले असेल. अमेरिकेतील एसएफआय संस्थेच्या 16.1 या प्रमाणाच्या लेबलवर मात्र मुदत संपण्याची तारीख नसते. तिथे उत्पादनाचा महिना आणि वर्ष दर्शवणारी खूण असते, आणि एसएफआयच्या स्वतःच्या नियमानुसार तिथून दोन वर्षे मोजायची असतात. एक लेबल शेवट सांगते आणि दुसरे सुरुवात. हा फरक लक्षात न घेतल्यास कालबाह्य हार्नेस नवा समजला जातो किंवा चांगला हार्नेस उगाच टाकून दिला जातो.

आयोजकांचे नियमपत्रक वाचावे. लेबलवरील तारीख ग्राह्य धरायची की नाही, हे शेवटी आयोजक ठरवतात. अमेरिकेतील ड्रॅग रेसिंगची एनएचआरए ही संस्था एसएफआय हार्नेससाठी दोन वर्षांचा नियम पाळते. रोड रेसिंगची एससीसीए ही संस्था मात्र त्याच लेबलला उत्पादनानंतरच्या पाचव्या वर्षाच्या अखेरीपर्यंत मान्यता देते. त्यामुळे मे 2022 ची खूण असलेला हार्नेस एका ठिकाणी मे 2024 मध्ये बाद होतो आणि दुसऱ्या ठिकाणी 2027 संपेपर्यंत चालतो. माझ्या मते जिथे पाच वर्षांची सवलत आहे तिथेही, गाडी उघड्या छताची असेल किंवा उन्हात उभी राहत असेल, तर ती सवलत पूर्ण वापरू नये.

ज्या ट्रॅक डेला, म्हणजे स्वतःची गाडी ट्रॅकवर चालवण्याच्या कार्यक्रमाला, स्पर्धा नसते, तिथे गाडीचा मूळ तीन बिंदूंचा पट्टा बहुतेक वेळा चालतो. पण हार्नेस लावलाच, तर आयोजक त्याची मुदत आणि मांडणी तपासू शकतात. चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई, कोइंबतूरचा कारी ट्रॅक किंवा ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट यांपैकी कुठेही जायचे असेल, तर त्या कार्यक्रमाचे चालू वर्षाचे नियमपत्रक मागवून घ्यावे. स्पर्धा असेल, तर भारतातील मोटर स्पर्धांची नियामक संस्था एफएमएससीआय हिचे त्या वर्गासाठीचे नियमही पाहावेत.

पट्टा हाताने तपासावा. पट्टा दोन्ही हातांत धरून थोडा थोडा वाकवत न्यावा आणि दोन्ही काठांवरून बोट फिरवावे. काठावर केसाळपणा आला असेल, धागे सुटले असतील, एखादी जागा कडक किंवा चकचकीत झाली असेल, किंवा रंग एका बाजूला उडाला असेल, तर तो पट्टा बदलावा. अ‍ॅडजस्टर (पट्ट्याची लांबी कमीजास्त करणारा धातूचा भाग) ज्या जागी नेहमी बसतो, तिथे तो सरकवून खालचा भाग पाहावा. झाकलेल्या आणि उघड्या भागाच्या रंगातील फरक उन्हाने किती काम केले आहे ते सांगतो. शिवणी आणि पट्ट्याची टोके गाडीला जोडणारे धातूचे कंस तपासावेत. बॅटरीचे आम्ल किंवा तीव्र रसायन लागलेला पट्टा धुऊन पुन्हा वापरू नये. गंजलेले किंवा वाकलेले धातूचे भाग आणि अडखळणारे बकलही बाद समजावे.

अपघातानंतर तारीख विसरावी. जोरदार धडकेत पट्टे ताणले जातात आणि तो ताण शोषून घेणे हेच त्यांचे काम असते. असा हार्नेस महिनाभरापूर्वी घेतलेला असला तरी बदलावा.

बसवणूक तपासावी. 18 फेब्रुवारी 2001 रोजी अमेरिकेतील डेटोना 500 शर्यतीच्या अखेरच्या फेरीत शर्यतचालक डेल अर्नहार्ट यांचा मृत्यू झाला, तेव्हा त्यांच्या कमरेचा डावा पट्टा तुटलेला आढळला. ती शर्यत घेणाऱ्या नॅस्कार संस्थेच्या चौकशी अहवालात ‘डम्पिंग’चा उल्लेख होता. यात ताण तिरका पडल्यामुळे पट्टा अ‍ॅडजस्टरच्या खाचेत एका कडेला गोळा होतो, सारा भार थोड्याच धाग्यांवर येतो आणि पट्टा कडेपासून फाटत जातो. म्हणून सीटवर बसून हार्नेस पूर्ण आवळावा आणि दुसऱ्या व्यक्तीला प्रत्येक अ‍ॅडजस्टर पाहायला सांगावे. पट्टा खाचेच्या पूर्ण रुंदीत सपाट बसला पाहिजे. तीन दांड्यांच्या अ‍ॅडजस्टरमध्ये पट्ट्याचे टोक पुन्हा मागे ओवलेले असावे आणि सुमारे 10 सेंटीमीटर बाहेर उरलेले असावे.

खांद्याचे पट्टे मागे जाताना फार खाली झुकू नयेत, नाहीतर धडकेत ते पाठीचा कणा दाबतात. हान्ससारखे मान सांभाळणारे साधन वापरताना हा कोन खालच्या दिशेने 0 ते 20 अंशांत ठेवावा. मांड्यांमधील पट्टा अनावश्यक समजून काढू नये. तो नसल्यास खांद्याचे पट्टे कमरेच्या पट्ट्याला पोटावर ओढतात आणि शरीर खालून निसटते.

नवा घेताना आणि जुना काढताना. दुकानातून घेताना पावतीची तारीख नव्हे, लेबलवरची तारीख पाहावी, कारण कपाटात पडून राहिलेल्या हार्नेसचीही मुदत चालूच असते. एफआयए हार्नेस त्याच वर्षाच्या जानेवारीत तयार झालेला मिळाला, तर डिसेंबरमधल्या हार्नेसपेक्षा जवळजवळ वर्षभर जास्त वापरता येतो. एसएफआय हार्नेस काही उत्पादक परत घेऊन, नवे पट्टे शिवून, नव्या तारखेच्या लेबलसह देतात. हे काम बाहेरच्या शिंप्याकडून किंवा सीट कव्हरवाल्याकडून कधीही करून घेऊ नये. बाद झालेला हार्नेस स्वस्तात विकू नये. लेबल कापून काढावे, पट्ट्यांचे तुकडे करावेत आणि मगच ते टाकावेत.