स्लोब्रो की स्लोकिंग: आधी पन्नास टक्क्यांचा हिशोब

पोकेमॉनच्या सहा जणांच्या टीममधल्या पाच जागा भरल्या, सहावीला मार खाऊन उभा राहणारा पाण्याचा गडी हवाय, आणि यादीत स्लोब्रो नि स्लोकिंग शेजारी शेजारी दिसतात. दोघांचा टाइप वॉटर-सायकिक. एचपी (जीव) ९५, अटॅक ७५, स्पेशल अटॅक १००, स्पीड ३०, एकूण बेरीज ४९०, सगळं सारखं. रीजनरेटर ॲबिलिटी (मैदान सोडलं की थोडा एचपी भरतो) आणि स्लॅक ऑफ ही एचपी भरणारी मूव्ह दोघांनाही मिळते. फरक मोजून दोन. स्लोब्रोचा डिफेन्स ११० आणि स्पेशल डिफेन्स ८०, स्लोकिंगचं बरोबर उलटं. दुसरं म्हणजे, या दोघांत चिली रिसेप्शन ही मूव्ह फक्त स्लोकिंगकडे आहे.

एवढ्यावरून 'फिजिकल मार असेल तर स्लोब्रो, स्पेशल असेल तर स्लोकिंग' असं सांगून लोक मोकळे होतात. ते चूक नाही, पण अर्धवट आहे.

खालचे सगळे आकडे स्कार्लेट-व्हायोलेटच्या नियमांचे, लेव्हल १०० चे, एकास एक लढतीचे. शोडाउन (पोकेमॉनच्या लढती खेळायची साइट) फोनच्या ब्राउझरमध्ये फुकट चालतं आणि त्याचा डॅमेज कॅल्क्युलेटरही तसाच उघडतो, तेव्हा प्रत्येक आकडा स्वतः टाकून बघा.

आधी कोणाला अडवायचंय ते ठरवा

कागद घ्या आणि आपल्या टीमला सगळ्यात जास्त त्रास देणारे दोन-तीन पोकेमॉन लिहा. 'सगळ्यांना अडवेल' असा बचाव बांधायला गेलं की कुणालाच अडवत नाही. मग त्यांच्या मुख्य मूव्हचा मार कॅल्क्युलेटरमध्ये काढा आणि एकच गोष्ट तपासा: तो ५० टक्क्यांच्या खाली आहे का? स्लॅक ऑफ एका वेळी अर्धा एचपी भरतं. मार ५० च्या वर गेला, तर भरलं त्याहून जास्त दर खेपेला जातं आणि तुम्ही फक्त मरण लांबवत बसता. खाली असेल तर समोरच्यालाच काहीतरी बदलावं लागतं.

उदाहरण घ्या. जॉली नेचरचा (नेचर म्हणजे एक आकडा वाढवून दुसरा घटवणारा स्वभाव), अटॅकमध्ये २५२ ईव्ही (आपण वाटून द्यायचे गुण) असलेला गार्चॉम्प, मूव्ह अर्थक्वेक, कुठलीही बढती नाही.

बोल्ड (डिफेन्स वाढवणारं नेचर) स्लोब्रो, २५२ एचपी, २५२ डिफेन्स, उरलेले ४ स्पेशल डिफेन्समध्ये: २८ ते ३३.५ टक्के. आरामात.

सॅसी (स्पेशल डिफेन्स वाढवणारं नेचर) स्लोकिंग, २५२ एचपी, २५२ स्पेशल डिफेन्स, ४ डिफेन्समध्ये: ५० ते ५९ टक्के. इथे स्लॅक ऑफ दाबत बसलात की गेलात.

बोल्ड स्लोकिंग, २५२ डिफेन्स: ३४.५ ते ४१ टक्के. म्हणजे चालतो.

आता स्पेशल बाजू. टिमिड आयर्न व्हॅलियंट, २५२ स्पेशल अटॅक, मूनब्लास्ट, बूस्टर एनर्जी (ताकद वाढवणारी वस्तू) नाही. सॅसी स्लोकिंगला २५ ते ३०, वरच्या बोल्ड स्लोब्रोला ४५ ते ५३, बोल्ड स्लोकिंगला ३४ ते ४१.

शेवटचा आकडा नीट बघा. बोल्ड स्लोकिंग दोन्ही बाजूंनी चाळीसच्या आसपास थांबतो. 'स्लोकिंगला डिफेन्समध्ये ईव्ही कशाला घालायचे, त्यापेक्षा स्लोब्रोच घ्या की' असं ठासून सांगणारे भेटतात. त्यांचाही मुद्दा खोटा नाही: सगळे ईव्ही आणि नेचर ओतून स्लोकिंगचा डिफेन्स २८४ होतो, तर स्लोब्रोचा काहीच न घालता २५६ असतो. एवढा खर्च करून नुसते २८ जास्त. पण चिली रिसेप्शन हवंच असेल आणि दोन्ही प्रकारचा मार अडवायचा असेल, तर तो खर्च वाया गेला म्हणता येत नाही.

स्लोब्रो खरा कामाला येतो तो समोरचा स्वोर्ड्स डान्स (अटॅक दुप्पट करणारी मूव्ह) नाचला की. त्यानंतरचा अर्थक्वेक बोल्ड स्लोब्रोला ५६ ते ६६ टक्के, बोल्ड स्लोकिंगला ६९ ते ८१.५ टक्के. पूर्ण एचपीवर दोघेही एक वार झेलतात, पण स्टेल्थ रॉक (मैदानात येणाऱ्याला लागणारे पेरलेले दगड) आणि आधीचा थोडा मार जमा झाला की स्लोकिंग पडतो, स्लोब्रो उभा राहतो. उलटा आइस बीम मारून गार्चॉम्प जागेवर गार होईल, या भरवशावर मात्र राहू नका. स्पेशल अटॅकमध्ये ईव्ही नसतील तर चौपट लागूनही तो ८३ ते ९८.६ टक्केच जातो. टिच्चून उरतो आणि दुसरा वार करतो. आपल्या बाजूने आधी स्टेल्थ रॉक पडलेला असेल तरच मरायची थोडी आशा, तीही अर्ध्याहून कमी.

चिली रिसेप्शनचं गणित

ही मूव्ह केली की पाच टर्न बर्फ पडतो आणि स्लोकिंग मैदान सोडतो, त्याच्या जागी दुसरा गडी येतो. खरा फायदा बर्फाचा नाही, मंदपणाचा आहे. स्पीड ३० असल्यामुळे समोरचा आधी मारतो, तो मार स्लोकिंग अंगावर घेतो, आणि नवा गडी एक ओरखडाही न लागता मैदानात येतो. जाता जाता रीजनरेटरने एक तृतीयांश एचपी भरतो तो वेगळाच. स्लोब्रोला साधं स्विच करावं लागतं, म्हणजे वार येणाऱ्याच्या छाताडावर.

फ्यूचर साइट (दोन टर्न उशिरा लागणारी सायकिक मूव्ह) जोडीला घेऊन हे पाहा. पहिल्या टर्नला फ्यूचर साइट. दुसऱ्या टर्नला चिली रिसेप्शन, साथीदार सुरक्षित आत. तिसऱ्या टर्नला साथीदार मारतो आणि त्याच टर्नच्या शेवटी १२० पॉवरचा फ्यूचर साइट आदळतो. डार्क टाइपवर तो लागत नाही, म्हणून साथीदार फायटिंगचा ठेवा. डार्क समोर आला तर त्याचं स्वागत तो करेल.

म्हणूनच स्लोकिंगला स्पीड घटवणारं सॅसी किंवा रिलॅक्स्ड नेचर देतात आणि स्पीडचा आयव्ही (० ते ३१ मधला जन्मजात गुण) शून्य ठेवतात. स्पीड ९६ वरून ५८ वर येतो. शोडाउनवर नवीन सेट केला की आयव्ही ३१ असतो, तो हाताने बदलायचा राहतो आणि मग दुसरा मंद गडी समोर आला की आपण आधी हलतो, सगळा डाव उलटा.

ज्या टीममध्ये पेलिपर पाऊस पाडतोय किंवा कुणी ऊन आणतंय, तिथे चिली रिसेप्शन नको. स्वतःच आणलेलं हवामान स्वतःच पुसाल. समोरच्याचा पाऊस मोडायला मात्र ते झकास. टाँट (फक्त मारणाऱ्याच मूव्ह करू देणारी मूव्ह) बसला तर चिली रिसेप्शनही गेलं आणि स्लॅक ऑफही, हे धरूनच टाँटवाल्यासमोर या जोडीतलं कुणी ठेवू नका.

दोघांनाही लागू

इलेक्ट्रिक, ग्रास, बग, घोस्ट, डार्क: पाच टाइप दुप्पट लागतात. त्यात नॉक ऑफ (डार्क, हातातली वस्तूही काढून घेते) आणि यू-टर्न (बग) तर जवळजवळ प्रत्येक टीमकडे. पावलोपावली वस्तू काढून घेतली जाणार असेल, तर लेफ्टओव्हर्सवर (दर टर्नला थोडा एचपी भरणारी वस्तू) मदार ठेवू नका.

वस्तू म्हणून हेवी-ड्यूटी बूट्सच (येताना पेरलेले दगड-खिळे लागू देत नाहीत) का, याचा हिशोब सोपा आहे. स्टेल्थ रॉक आत येताना साडेबारा टक्के घेतो, स्पाइक्सचा (पेरलेले खिळे) एक थर साडेबारा, दोन थर सुमारे १६.७, तीन थर २५. रीजनरेटर परत देतो ३३.३. रॉक आणि दोन थरांपर्यंत तुम्ही थोडे फायद्यात, तिसऱ्या थराला तोट्यात. टीममध्ये मैदान साफ करणारा कुणी असेल तर स्लोब्रोला रॉकी हेल्मेट द्या. अंगाला भिडून मारणाऱ्याचा दर खेपेला सहावा हिस्सा जातो, आणि यू-टर्नवालेही त्यातच येतात.

टेरासाठी (लढतीत एकदा टाइप बदलायची सोय) वॉटर केलात तर बग, घोस्ट, डार्क तिन्ही एकदम सुटतात. इलेक्ट्रिक आणि ग्रास तेवढे राहतात. फेअरी घेतलात तर डार्क आणि बग उलट निम्मे लागतात.

गॅलेरियन स्लोकिंग हा वेगळाच प्राणी, पॉयझन-सायकिक. यादीत खाली दिसतो म्हणून घाईत तोच उचलला आणि गार्चॉम्पसमोर सोडला, तर अर्थक्वेक दुप्पट लागतो.

रेंज आणि अदलाबदल

या दोघांच्या लढती लांबतात. कणकुंबी-जांबोटीकडे पावसाळ्यात करंट गेला, रेंज गेली की शोडाउनचा टायमर कुणासाठी थांबत नाही. अशा जागी बसून लॅडर (क्रमवारीच्या लढती) खेळायचं असेल तर स्लोकिंग बरा. तो मार झेलून दुसऱ्याला आत आणतो आणि लढत पुढे सरकते. स्लोब्रोवर उभी केलेली टीम मात्र स्लॅक ऑफवर स्लॅक ऑफ करत टर्न वाढवत नेते.

ज्यांच्याकडे खरा गेम आणि स्विच आहे, त्यांच्यासाठी आणखी एक फरक. स्लोपोक लेव्हल ३७ ला आपोआप स्लोब्रो होतो. स्लोकिंगसाठी स्लोपोकला किंग्ज रॉक धरायला देऊन दुसऱ्याशी ट्रेड करावा लागतो, आणि गावात स्विचवाला दुसरा गडी शोधणं हेच अवघड काम. ऑनलाइन ट्रेडला वर्गणी भरावी लागते. दोघं एकाच खोलीत असाल तर पोके पोर्टलमध्ये ऑफलाइन राहून लिंक ट्रेड फुकट होतो. लेव्हल ३७ च्या आधीच ट्रेड उरका. नाहीतर लेव्हल वाढताना 'बी' दाबून स्लोब्रो होणं दर वेळी थांबवत बसावं लागेल. एकदा स्लोब्रो झाला की स्लोकिंग होत नाही. समोरच्याला आधीच सांगून ठेवा की आलेला स्लोकिंग परत पाठवायचाय.